नऊ बाय पाच

१

मंठ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे तातेराव गुरुजी भुतांना भीत नसत, हेडमास्तरांना भीत नसत, आणि बायकोला मात्र बेताबेतानं भीत असत. टेबल टेनिसचा सगळा खटाटोप झाला तो यातल्या दुसऱ्या गोष्टीमुळे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. शाळेत टेबल होतं. पण ते शिक्षकांच्या खोलीत होतं, आणि त्यावर वर्षभर हजेरीपट, चहाच्या बश्या आणि चित्रकलेच्या सरांची छत्री एवढीच मंडळी पडून असत. एका संध्याकाळी तातेरावांची एकुलती एक लेक, मॅट्रिकच्या वर्गातली सत्यशीला, बापाला बोलवायला म्हणून तिथं आली. गंमत म्हणून कुणीतरी तिच्या हातात बॅट दिली. तिनं भूगोलाच्या सरांना एकवीस-सहा आणि छत्रीवाल्या सरांना एकवीस-चार असं लागोपाठ लोळवलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, की शिक्षकांच्या खोलीत विद्यार्थिनींनी येऊ नये.

तातेराव हेडमास्तरांशी तावातावानं भांडले. पदरात पडलं ते एवढंच, की जानेवारीत परभणीला होणाऱ्या जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी सत्यशीलाचं नाव जाईल. सराव कुठं करायचा ते तिच्या बापानं बघावं. परभणीला पहिली येणारी मुलगी पुढं औरंगाबादला खेळायला जाणार होती, आणि सत्यशीलानं त्या दिवसापासून दुसरा विषय काढला नाही. ही पोरगी कधी काही मागायची नाही. मागच्या वर्षी काय पाहिजे म्हणून फार खोदून विचारलं, तेव्हा कुठं कंपासपेटी म्हणाली होती. आता पहिल्यांदा तिला काहीतरी मनापासून हवं होतं आणि ते तिला मिळावं म्हणून तातेरावांचा जीव तुटत होता.

त्यांचं स्वतःचंही एक जुनं दुखणं होतं. औरंगाबादला शिकत असताना वसतिगृहातलं टेबल मोकळं सापडायचं ते फक्त जेवणाच्या घंटेला. तीन वर्षं तातेराव संध्याकाळचं जेवण सोडून खेळले. वजन घटलं, हात सुधारला, पण स्पर्धेला जायचं काही जमलं नाही.

"आपण घरातच टेबल करू," एक दिवस ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले.

"कुठं?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"पुढच्या खोलीत."

"पुढच्या खोलीत ज्वारीची चार पोती हायत, मिरच्यांचे डबे हायत, आन् तुमची पुस्तकं हायत. कुठं ठिवू हे समदं, डोक्यावर?"

तातेरावांनी भाकरीकडे पाहिलं आणि सावकाश सांगितलं, "पुस्तकं माळ्यावर टाकू." नवऱ्यानं पुस्तकांवर पाणी सोडलं म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे बाईंनी ओळखलं. चार दिवसांत पोती स्वयंपाकघरात गेली, आणि तेव्हापासून बाई चुलीपुढे आडव्या वाकून स्वयंपाक करू लागल्या. भांडी मात्र जरा जोरात आपटत.

२

टेबलाचं काम कडूबा सुताराकडे होतं. तो एक दिवस बैलगाडीत दोन मोठी कवाडं घालून आला.

"मोंढ्यातलं जुनं गोदाम पाडून राह्यलेत, गुरुजी. त्याचं दार हाय हे. सागवान बगा, बिलकुल सरळ. नव्या फळ्याला जेवढा खर्चा, त्याच्या पाव पटीत काम व्हईल."

तातेरावांनी टेप लावला. दोन्ही कवाडं शेजारी शेजारी ठेवली की लांबी नऊ फूट आणि रुंदी पाच फूट. सुतभर कमी नाही, सुतभर जास्त नाही. टेबल टेनिसच्या टेबलाचं जगभर हेच माप. तातेराव खूश झाले. कडूबा मात्र टेपकडे बघत दाढी खाजवत राहिला.

"इतकं बराबर कधी जुळत नसतं, गुरुजी."

"जुळलं तर वाईट काय?"

"वाईट न्हाई. पर जुळत नसतं."

एका बाजूनं कवाडांवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या आणि एक जाडजूड लोखंडी कडी होती. दुसरी बाजू गुळगुळीत होती. साहजिकच गुळगुळीत बाजू वर आली. कडी काढायला गेलं तर लाकूड चिरत होतं, म्हणून ती तशीच खाली लोंबती ठेवली. दोन भक्कम लाकडी घोडे, त्यांवर कवाडं. हिरवा रंग मंठ्यात मिळेना, तेव्हा तातेरावांनी शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग फासला आणि कडेनं पांढरी पट्टी मारली. मधली उभी रेघ काढावीच लागली नाही, दोन कवाडांची फट आपोआप तिथंच आली होती. व्हॉलीबॉलच्या जुन्या जाळ्याचा तुकडा कापून नेट झालं. डालड्याचा डबा कापून दिव्याला टोपी झाली. वीस फुटांची ती खोली, खाली शहाबादी फरशी, वर पत्रे आणि मधोमध ते काळंभोर टेबल. शेजारीपाजारी बघून जाऊ लागले. एकानं तर इथं मयत ठेवायची काय म्हणून विचारलं.

शाळा सुटल्यावर साडेपाच ते साडेसात असा बापलेकीचा सराव सुरू झाला. चेंडू झकास उसळत होता. पहिल्या दिवशी सत्यशीला तीन गेम जिंकली, आणि तातेराव घाम पुसत खुर्चीवर टेकले. चेंडू त्यांच्या मुठीत होता. पोरगी माठाकडे पाणी प्यायला गेली होती.

तेव्हा टेबलावर टक् असं वाजलं.

तातेरावांनी मुठीतल्या चेंडूकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. लाकूड दिव्याच्या उष्णतेनं प्रसरण पावतं, थंडीनं आकुंचन पावतं, आणि असं होताना आवाज होतो. आठवीच्या पुस्तकात आहे. त्यांनी स्वतःला तो धडा मनातल्या मनात पूर्ण शिकवला आणि मगच ते उठले.

३

इथं तातेरावांची एक अडचण सांगितली पाहिजे. आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांत भूत, करणी, अंगात येणं असं काही झालं की तातेरावांना बोलावणं यायचं. वाटूरला एका घरात बंद पेटी आपोआप वाजते म्हणून गाव गोळा झालं होतं, तेव्हा पेटीतला उंदीर शेपटीला धरून त्यांनीच बाहेर काढला होता. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले सगळे देव आणि सगळी भुतं एकदमच बाहेर गेली, असं ते अभिमानानं सांगत. अशा माणसाचं टेबल वाजतं हे कुणाला कळून चालणार नव्हतं.

आणि टेबल तर वाजत होतं. आठवड्यात ते चांगलंच सराईत झालं. बापलेकीचा डाव चालू असताना काही नाही. डाव थांबला की मात्र खालून टक् टक्. तातेरावांनी प्रयोगवही काढली. साहित्य : टेबल, चेंडू. कृती : चेंडू एकदा टाकला. निरीक्षण : एकदा उत्तर आले. कृती : दोनदा टाकला. निरीक्षण : दोनदा उत्तर आले. पुढे त्यांनी पाच वेळा टाकला. निरीक्षणात लिहिलं, 'पाच वेळा उत्तर आले व नंतर कोणीतरी खाकरले.' अनुमानाची जागा कोरी राहिली. अशी वही एखाद्या मुलानं आणली असती तर गुरुजींनी ती त्याच्या अंगावर फेकली असती.

टेबलाखाली तर ते रोज वाकून बघत. फरशी, घोड्यांचे पाय, एखादं कोळिष्टक. टकटक खालून येते म्हणावं तर खाली कुणीच नाही.

"उंदीर असंल," ते जेवताना उगाचच म्हणाले.

"मी विचारलं व्हय काही?" कौसल्याबाई म्हणाल्या.

सत्यशीला खाली मान घालून जेवत होती. तिचा हात आता असा बसला होता, की तिरका मारलेला चेंडू बरोबर पांढऱ्या पट्टीवर पडायचा. पंधरा दिवसांत पोरगी बापाच्या कितीतरी पुढं गेली होती. ते बघताना तातेरावांना एवढा आनंद व्हायचा की टकटक झाली तरी ते मोठ्यानं गुण मोजत. बारा-नऊ. तेरा-नऊ. तेव्हा त्यांचा आवाज पार पेठेत ऐकू जायचा.

४

स्पर्धेला सहा दिवस उरले असताना त्यांनी कडूबाला बोलावलं. घोडा जरा डगमगतो, असं कारण सांगितलं. कडूबा टेबलाखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"गुरुजी, कडी कुणी लावली?"

"तूच लावली असशील."

"म्या न्हाई. म्या तिला सुटीच सोडली होती. गंजलेली होती, अडकतच नव्हती." तो बाहेर आला. बराच वेळ त्यानं टेबलावर हात फिरवला. "लई मोठी चूक झाली. ही खाली गेली ती आतली बाजू हाय."

"कशाची आतली?"

"गोदामाची. गोदामाचं दार बाहिरच्या अंगाला उघडत असतं. आत मालाची थप्पी असती, आत कसं उघडंल? कडी आतून. गुळगुळीत बाजू बाहिरची. म्हंजी आपुन आता..." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "आपुन बाहिर हाव, गुरुजी."

तातेरावांनीही खोलीभर पाहिलं. चार भिंती, वर पत्रे, कोपऱ्यात स्वतःची छत्री. स्वतःच्या घराच्या मधोमध उभं राहून आपण कशाच्या तरी बाहेर आहोत ही गोष्ट त्यांना पटेना, आणि त्यांच्या अंगावर काटा आला तोही पटेना.

कडूबाला अजून काहीतरी सांगायचं होतं.

"जुन्या इमारतीचं शेवटचं दार काढताना आमच्यात तीनदा विचारायची रीत हाय. आत कुणी हाय का म्हनून. मंगच बिजागरीला हात लावायचा. तुमी जल्दी लावली होती. म्या एकदाच विचारलं."

"मग? आलं का उत्तर?"

"ऐकायला थांबलोच न्हाई."

स्वयंपाकघराच्या दारात कौसल्याबाई पिठाच्या हातानं उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजी पंधरा दिस झाले, आपुन रोज दोन तास दुसऱ्याच्या दारावर टकटक करून राह्यलो," त्या म्हणाल्या. "आन् त्यानं विचारलं तर तोंड उघडत न्हाई. दार वाजवून पळणाऱ्या वांड पोरावानी. भ्यालं असंल बिचारं. कडी लावणार न्हाई तर काय करंल?"

"कौसल्या, तिथं कुणी न्हाई."

"मंग कडी कुणी लावली?"

यावर तातेराव हवेतल्या दमटपणाबद्दल बोलले. जानेवारीत मंठ्याला हवा किती दमट असते हे तिघांनाही ठाऊक होतं. नवीन टेबल करायला कडूबाला पंधरा दिवस लागणार होते, त्यात दुसऱ्या दिवशी त्याला केदारखेड्याला लेकीकडे जायचं होतं, रविवारशिवाय परत येणार नव्हता. तातेरावांनी ठरवून टाकलं. स्पर्धेच्या शनिवारपर्यंत टेबल आहे तसं राहील. रविवारी हवं तर त्याची होळी करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाण्याआधी ते ओल्या फडक्यानं टेबल पुसत होते. हात मधल्या फटीवर आला तेव्हा खालून अगदी हळू, कुणाला त्रास नको अशा बेतानं, आवाज आला.

"कोण?"

दारापलीकडून कोण म्हणून विचारलं की आपण काय म्हणतो? तातेरावांच्या तोंडून अंगवळणी पडल्यासारखं निघून गेलं.

"मी. तातेराव मास्तर."

खालून "हं" असं ऐकू आलं. ओळख पटल्यावर माणूस म्हणतो तसं. तातेराव फडकं तिथंच टाकून शाळेत गेले आणि त्यांनी दहावीच्या वर्गाला आठवीचा धडा शिकवला.

५

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा सराव होता. शनिवारी पहाटेच्या गाडीनं परभणीला निघायचं होतं. तातेरावांचे कपडे इस्त्री होऊन खुंटीला लागले होते. लेकीचा खेळ बघायला पहिल्या रांगेत बसायचं, हे ते महिनाभर मनाशी घोळवत होते.

तिसऱ्या डावात अकरा-सात असताना खालून कडी सरकली. गंजलेली कडी कोयंड्यातून निघतानाचा तो आवाज ओळखायला शिक्षण लागत नाही. मधली फट किंचित वर उचलली गेली. फटीतून गार वारा आला, त्याला भिजलेल्या तरटाचा वास होता, आणि नेटचा खालचा काठ हलला. तातेरावांनी डाव्या हाताचा पंजा फटीवर दाबला आणि उजव्या हातानं चेंडू परत मारला.

"हात टेकला, बाबा," सत्यशीला म्हणाली. "पॉइंट माझा."

नियमच तसा आहे. मोकळा हात टेबलाला लागला की गुण गेला. तातेरावांनी हात उचलला. फट पुन्हा उचलली गेली. त्यांनी पुन्हा हात टेकला. असे सहा गुण त्यांनी डोळ्यांदेखत घालवले. तोंडानं ते मोजत होते, आणि आवाज चिरकत होता. सातव्या वेळी चेंडू त्यांच्या बाजूनं सुटून भिंतीकडे गेला, तो आणायला कुणी हललं नाही. त्यांनी वर पाहिलं. नेटच्या पलीकडे सत्यशीलाचाही डावा पंजा फटीवर दाबलेला होता.

"तुला ऐकू येतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"बोलली का न्हाईस?"

"तुम्ही टेबल मोडून टाकलं असतं." तिनं घाम पुसला, दुसरा हात तसाच ठेवून. "तुम्ही का न्हाई बोललात?"

"तू खेळायचं सोडलं असतंस."

दोघंही थोडं हसली. हसताना हात काढला नाही. खालून कुणीतरी धीरानं, घाई न करता, वर रेटत होतं. रेटा फार नव्हता. बाहेर ओळखीचा माणूस उभा आहे आणि दार का उघडत नाही, असं वाटून लावतात तेवढाच.

"तुम्ही दोन्ही हात ठेवा," सत्यशीला म्हणाली. "मी भिंतीवर खेळते."

तासभर ती भिंतीवर खेळली आणि तातेराव टेबलावर ओणवे होऊन तिला सूचना देत राहिले. कौसल्याबाई दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी नवऱ्याच्या पोटाखाली उशी ठेवून बघितली, पण ती नीट बसेना.

शेवटी बाईंनाच सुचलं. आळीपाळीनं एकानं फट दाबून धरत तिघांनी मिळून स्वयंपाकघरातली ज्वारीची चारही पोती ओढत आणली आणि फटीवर आडवी टाकली. चार क्विंटलच्या खालून उंदीर काय, रेडाही उठणार नाही, असं म्हणून तातेराव झोपायला गेले.

६

सकाळी उठून बघतात तर टेबल मोकळं. पोती भिंतीशी, दोनावर दोन, तोंडं एका दिशेला, गोदामात लावतात तशी थप्पी लावून ठेवलेली. टेबलावर सांडलेले ज्वारीचे दाणेही कुणीतरी झाडून एका कोपऱ्यात गोळा केले होते.

गाडीला पाऊण तास होता. तातेरावांनी खुंटीवरच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे एकदा पाहिलं. मग टेबलावर सतरंजी अंथरली आणि फटीच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसले.

"कौसल्या, तू जा पोरीसंगं."

"आन् तुम्ही?"

"मी बसतो. उद्या कडूबा येईल, वरून अडसर ठोकून घेऊ."

सत्यशीलानं वाकून बापाच्या पायाला हात लावला आणि बॅटची कापडी पिशवी खांद्याला अडकवली. बाप आपला खेळ बघायला येत नाही याचं तिला फार वाईट वाटलं. ते तोंडावर दिसत होतं. तातेरावांना तर रडूच येत होतं, पण टेबलावर बसून रडणं बरं दिसलं नसतं.

दिवस लांबला. दोघं-तिघं खिडकीतून डोकावून गेले. गुरुजी, टेबलावर का? रंग वाळतोय, असं तातेराव सांगत. रंगावर बसल्यावर तो कसा वाळेल, हे विचारण्याची विज्ञानाच्या मास्तरापुढे कुणाची छाती झाली नाही. दुपारी बाराच्या सुमारास मांडीखालून आवाज आला.

"गुरुजी, जरा सरकता का?"

"न्हाई," तातेराव म्हणाले.

"बरं," आवाज म्हणाला.

एवढा समजूतदारपणा बघून तातेरावांना जास्तच घाम फुटला. नंतर खाली हलकी हलकी हालचाल सुरू झाली. पावलं एकाची नव्हती. कुणीतरी कुणालातरी जागा करून देत होतं, कुणीतरी खोकत होतं, एक लहान मूल काहीतरी विचारत होतं आणि त्याला गप्प करत होते. गोदामात माणसं किती मावतात याचा तातेरावांनी हिशेब करून बघितला आणि मध्येच सोडून दिला.

साडेसहाला फाट्याच्या बाजूनं एस. टी.चा भोंगा ऐकू आला. तातेरावांचे पाय बधिर झाले होते, पण कान टवकारलेले होते. स्टँडवरून घर पाच मिनिटांवर. त्यांनी दिवा लावण्यासाठी हात वर करून डोक्यावर लोंबणारं बटण दाबलं.

"बाबा," सत्यशीलाचा आवाज आला. "आले मी."

आवाज मांडीखालून आला होता.

"पहिली आले, बाबा. फायनलला एकवीस-सतरा आणि एकवीस-एकोणीस. औरंगाबादला जायचंय मला. उठा ना आता."

तीच होती. दमल्यावर आवाज किंचित घोगरा होतो, तोसुद्धा तसाच होता. महिनाभर हे वाक्य ऐकण्यासाठी तातेराव जगत होते, आणि आता ऐकल्यावर त्यांचे डोळे भरून आले. कुठून ऐकू आलं याची जाणीव असूनही भरून आले. ते डोळे पुसत होते तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

"कोण?" तातेरावांनी विचारलं.

बाहेरून अगदी बारीक आवाज आला. "मी, बाबा."

"काय झालं, बाळा?"

"हरले. पहिल्याच मॅचला."

"बाबा, उठा ना," खालची म्हणाली.

आता एक सत्यशीला खाली होती आणि एक दाराबाहेर. एक जिंकून आली होती, एक हरून. खरी कोणती हे ठरवायला तातेरावांपाशी कुठलाच प्रयोग नव्हता, आणि त्यांनी तो शोधलाही नाही. जिंकलेल्या पोरीला थोडं थांबवता येतं. हरून आलेल्या पोरीला दाराबाहेर ताटकळत ठेवणं त्यांच्या जिवाला सोसेना. ते टेबलावरून उतरले, बधिर पायांनी लंगडत गेले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं.

सत्यशीला पिशवी छातीशी धरून उभी होती. डोळे सुजलेले होते. चांगलं टेबल होतं, ती सांगू लागली, हिरवंगार, कंपनीचं, पण पहिल्याच डावात सारखं वाटत राहिलं की घरी बाबा एकटेच हात टेकून बसलेत, आणि चेंडूवर लक्षच लागेना.

"जेवलीस का?" तातेरावांनी विचारलं, आणि तिला जवळ घेतलं. पोरगी बापाच्या खांद्यावर तोंड दाबून मोकळेपणी रडली. दार उघडलं ते बरं केलं, असं त्यांना अगदी खोलवर वाटलं. मागं बघायचं नाही हेही त्यांनी त्याच वेळी ठरवलं.

त्यांच्या पाठीमागं लाकूड सावकाश करकरलं. मग फरशीवर चपला काढून ठेवल्याचे आवाज झाले. एक जोड, दुसरा जोड, आणि नंतर मोजता येईनात इतके, रांगेनं.

कौसल्याबाई मागून पायरी चढून आल्या. हातातली वळकटी खाली ठेवायला वाकल्या आणि वाकल्या वाकल्याच त्यांची नजर नवऱ्याच्या खांद्यावरून खोलीत गेली. त्या सरळ झाल्या. त्यांनी घाईघाईनं डोक्यावरून पदर घेतला, कपाळापर्यंत ओढला.

"बसा, बसा," त्या आत बघून म्हणाल्या. "उभे कशाला ऱ्हायलात?"

मग नवऱ्याच्या अगदी जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "घरात शेरभरच दूध हाय. एवढ्यायला पुरंल का वं?"